हरेलीचा खिळा

“एक दिवस, एक चाचणी, एक कागद! चौथी गोष्ट जो मागंल त्याले मी दारात उभा करणार नाही!”

असं म्हणून यशवंतराव डवऱ्यांनी स्टुलावर मूठ आपटली, तेव्हा कपातला चहा बशीत आला आणि बशीतला लेंग्यावर. लेंगा भाजला, पण यशवंतराव हलले नाहीत. फौजेची शस्त्रखरेदी सुधारायला निघालेल्या माणसानं चहाला भ्यायचं नसतं!

रायपूर राजधानी होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. रस्त्यारस्त्यावर पाट्या अजून ओल्या होत्या, लाल दिव्याच्या गाड्यांना अजून वळणं सापडत नव्हती, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आता जे काही होईल ते नवं होईल. यशवंतरावांनाही तसंच वाटत होतं. दिल्लीतून निवृत्त होऊन ते आठ महिन्यांपूर्वी पुरानी बस्तीत राहायला आले होते, कांताबाईंच्या माहेराच्या गल्लीत. येताना सोबत दोन ट्रंका, एक नागपूरचं पंचांग आणि एकतीस वर्षांचा संताप घेऊन आले होते.

संताप कशाचा? गाडीचा!

यशवंतराव दिल्लीला फौजेच्या खरेदी कार्यालयात चिकटले, त्या पहिल्याच दिवशी त्यांच्या टेबलावर एका पानाचा कागद आला होता. ‘डोंगरात उखळी तोफ वाहून नेण्यास हलकी, घडीची हातगाडी हवी.’ एकतीस वर्षांनी ते उठले, तेव्हा तोच कागद त्याच टेबलावर होता. फक्त एका पानाच्या आता अकरा फायली झाल्या होत्या! दर नवा साहेब येई आणि गाडीला एक नवा गुण जोडून जाई. एक म्हणाला, नदीत तरंगली पाहिजे. दुसरा म्हणाला, विमानातून टाकता आली पाहिजे. तिसऱ्याला थंडी फार वाजायची. त्यानं लिहिलं, चहा गरम राहण्याची सोय असावी. शेवटी शेवटी त्या गाडीनं पोहावं, उडावं आणि चहा पाजावा अशी रीतसर मागणी झाली होती. तोफ वाहावी हे वाक्य मात्र मधल्या कुठल्याशा टंकलेखनात गळून गेलं होतं!

आणि तिकडं डोंगरात तोफ खांद्यावरच चढत होती.

तो खांदा कुणाचा हे यशवंतरावांना रायपुरात आल्यावर कळलं. गुढियारीला मालधक्क्याच्या मागं धर्मपाल मेश्रामांची पत्र्याची शेड होती. रेल्वेत मालगाडीच्या वाघिणी दुरुस्त करता करता धर्मपालांचे केस पांढरे झाले, आणि निवृत्तीनंतरही हात गप्प बसेनात म्हणून त्यांनी भातगिरणीचे सुटे भाग बनवायला घेतले. त्यांचा पोरगा विकी फौजेत, उंच बर्फाच्या ठाण्यावर. एकदा तो सुटीवर आला आणि अंगणातल्या नळाखाली उघड्यानं आंघोळीला बसला. बापानं पाहिलं, उजव्या खांद्यावर घट्टा पडलेला. जू ओढून ओढून बैलाच्या मानेवर पडतो ना, तसा. काळा, राठ, गुळगुळीत.

धर्मपालांनी पाण्याची बादली भरून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून पोलादी नळ्या आणल्या. दोन वर्षं लागली. नळ्यांचा सांगाडा, मध्ये साजाच्या लाकडाचा आडवा दांडा, दोन चाकं, आणि चढावर गाडी मागं घसरू नये म्हणून खाली पडणारा टेकू. घडी केली की गाडी पाठीवर मावायची. उघडली की तोफेचं सगळं ओझं चाकावर.

यशवंतरावांनी ती गाडी पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा फायलींत जी मावली नाही, ती इथं पत्र्याखाली कोंबड्यांच्या शेजारी उभी होती!

“धर्मपाल, आता हे फौजेत मी पाठवतो. विकीच्या खांद्यावरचं ओझं मी उतरवतो. माहा शब्द!”

मग त्यांनी दिल्लीला पत्र लिहिलं. त्यात तीन नियम. पहिला: चाचणी कार्यालयात नाही, बनवणाऱ्याच्या दारात व्हावी. दुसरा: निकाल साहेबानं नाही, वापरणाऱ्या जवानानं द्यावा. तिसरा नियम लिहिताना यशवंतरावांनी पेनाची निब मोडली, इतका त्यात जोर होता: जो नमुना पास होईल तोच घ्यावा. तंतोतंत तोच! एका सुताचाही फरक करण्याचा अधिकार कुठल्याही साहेबास नसावा!

आणि नवल असं की दिल्लीनं हो म्हटलं! ‘प्रयोग म्हणून एक वेळ’ असं उत्तर आलं. सोबत चाचणीसाठी दोन तारखा, बरोबर महिनाभराच्या अंतरानं. जी सोयीची असेल ती कळवावी.

“तारीख कोणतीबी घ्या,” धर्मपाल म्हणाले, “फक्त हरेली सोडा. हरेलीले इथची माणसं हत्याराले हात नाही लावत. हातोडी, पाना, कानस, सारं धुऊन पूजेले बसते.”

“एवढंच ना?” यशवंतराव म्हणाले. शेडमध्ये भट्टीवर भैय्यालाल लोहार बसला होता. अभनपूरकडचा माणूस, काळा, हसरा, तोंडात दोन दात कमी. “काहो भैय्यालाल, हरेली कधी असते?”

“सावन अमावस के, साहेब।”

यशवंतरावांनी घरी येऊन नागपूरचं पंचांग उघडलं. श्रावण अमावास्या, म्हणजे आपला पोळा. पाहतात तो काय, दिल्लीची दुसरी तारीख नेमकी तीच! यशवंतराव स्वतःशीच हसले. वाचलो! त्यांनी पहिली तारीख घेतली, महिनाभर आधीची. त्या रात्री झोपताना ते म्हणाले, “कांता, नियोजन यालेच म्हणतात.”

“मले विचारलं असतं तर?” कांताबाई म्हणाल्या. जन्म त्यांचा रायपूरचा. पण काय विचारायचं होतं ते विचारायच्या आधीच यशवंतराव घोरत होते.

चाचणीचा दिवस उजाडला. यशवंतराव इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले आणि दाराशी ठेचकाळले. चौकटीत कडुलिंबाची फांदी खोचलेली. समोरच्या दारात फांदी. शेजारच्या दारात फांदी. सगळी गल्ली हिरवी! गल्लीच्या तोंडाशी पोरं बांबूच्या उंच गेड्यांवर चढून टकटक चालत होती, जसे काही बगळे वरातीला निघालेत.

“हे काय व्हय?”

कांताबाई तव्यावर तांदळाच्या पिठाचा चीला टाकत होत्या. मान वर न करता त्या ओवीच्या चालीवर म्हणाल्या,

“दारी खोचला गं लिंब, चौकटीला खिळा,
कारभाऱ्याच्या डोईत कागदाचा मळा!”

“कांता! गाऊ नको, सांग!”

“हरेली व्हय.”

“हरेली? अवं, आज आखाडाची अवस! हरेली सावन अमावसले असते! मी पंचांग पाह्यलं!”

“कोणाचं पंचांग पाह्यलं?”

“आपलं!”

“आपला महिना अवसेले संपते, इथच्यांचा पुनवेले. त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस पहिले लागते. त्यांची सावनाची अवस म्हणजे आपली आखाडाची अवस. लहानपणापासून मले माहीत हाय.” त्यांनी चीला उलटला. “पण मले विचारते कोण!”

यशवंतरावांनी चप्पल एका पायात घातली, दुसरी हातात घेतली आणि सायकल रिक्षा गाठली.

शेडच्या अंगणात पोचले तर काय पाहतात! मुरमाचा स्वच्छ ओटा घातलेला. त्यावर हातोड्या, पाने, कानशी, करवत, छिन्नी, सगळी हत्यारं नवरदेवासारखी न्हाऊन, टिळा लावून ओळीनं बसलेली. प्रत्येकापुढं एकेक चीला. चार कामगार नवे गमछे टाकून हात जोडून उभे. आणि मधोमध, नवरीसारखी, गाडी! फौजी हिरव्या रंगावर तांदळाच्या पिठाचे पाच-पाच बोटांचे पांढरे ठसे. शेंदूर. दांड्याला कडुलिंबाची फांदी. आणि त्या साजाच्या दांड्यात, बरोबर मधे, करंगळीएवढा काळा लोखंडी खिळा ठोकलेला!

“धर्मपाल!! खिळा!!”

“मी घरून आलो तवा ठोकून झालं होतं, यशवंतभाऊ,” धर्मपाल मान खाली घालून म्हणाले.

“आज हरेली हाय हे तुमाले माहीत नव्हतं?”

“तुमी तारीख सांगतली, भाऊ. तिथी मी कायले पाहतो? आमी बौद्ध माणसं, आमच्या घरी पौर्णिमा पाळतात, अवस नाही.”

भैय्यालाल पुढं आला. चेहरा कसा, तर सगळ्या गावाचं भलं करून आल्यासारखा. हरेलीला लोहार घरोघरी फिरून चौकटीत खिळा ठोकतो. मग त्या घराला वर्षभर नजर लागत नाही. बदल्यात सुपातले तांदूळ. भैय्यालाल सकाळपासून सदतीस चौकटी ठोकून आला होता.

“घर ला ठोकेंव, शेड ला ठोकेंव,” तो म्हणाला, “त गाड़ी ला काबर छोड़ंव? विकी भैया के गाड़ी ए। नजर झन लगय!”

यशवंतरावांचा राग विकीच्या नावाला अडखळला. तरी ते म्हणाले, “काढ तो! आत्ताच्या आत्ता काढ!”

“हरेली के खीला नइ निकलय, साहेब।”

“मी काढतो! पकड द्या!”

चौघेही कामगार हसले. पकड पूजेला बसली होती.

“हातोडी?”

तीही बसली होती. खिळे ठोकून आल्यावर भैय्यालालनं आपलीही तिथंच बसवली होती.

“अरे, एखादं बिनपूजेचं हत्यार आहे की नाही या शेडमध्ये?”

नव्हतं. धर्मपालांनी खिशातून कंगवा काढून दाखवला.

आणि इथं खरी भीती होती, ती दोघांनाच माहीत. गाडीत एक खोड होती. टेकू दांड्यातल्या खाचेतून सरकत खाली यायचा, पण दहात दोनदा जास्तच सरकायचा. मग गाडी उंटासारखी गुडघे टेकून बसायची. धर्मपाल दर वेळी हातोडीचा एक हलका ठोका देऊन पाचर बसवत. आज हातोडी देव झाली होती! ठोका कोण देणार?

यशवंतरावांनी किल्ल्यांचा जुडगा खिळ्यामागं घातला. किल्ली वाकली. रुमाल गुंडाळून दोन्ही हातांनी ओढलं. शेवटी गाडीच्या चाकाला पाय लावला, डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं आणि जो हिसका दिला! खिळा होता तिथंच राहिला. यशवंतराव चिखलात बसले, पांढऱ्या सदऱ्यासकट.

नेमका तेव्हाच जीपचा भोंगा वाजला.

कर्नलसाहेब उतरले. सहा फूट उंच, मिशा अशा की दोन्ही टोकांना लिंबू टांगावं. मागून दोन जवान. आणि त्यांच्या मागून काखेत फाईल, हातात फूटपट्टी घेऊन हिरालालबाबू! यशवंतरावांच्या रिकाम्या खुर्चीवर आता हाच माणूस बसत असे. दिल्लीत दोघांचं कधी पटलं नाही. हिरालालबाबू काहीही मोजायचे. लग्नाच्या पंगतीत पानावरची कोशिंबीरसुद्धा!

“यशवंतरावजी,” ते गोड आवाजात म्हणाले, “आप ज़मीन पर?”

“जमिनीची तपासणी करून राहिलो,” यशवंतराव उठत म्हणाले. “चाचणीसाठी.”

कर्नलसाहेब गाडीभोवती फिरले. “यह नीम की टहनी?”

“शत्रूपासून लपने के लिए, सर! दूर से झाड़ दिखता है!” यशवंतरावांची जीभ आपोआप चालली. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या टिपणांवर टिपणं लिहिली होती.

“और ये सफ़ेद हाथ?”

“पकड़ने की जगह, सर! अँधेरे में जवान को समझना चाहिए, हाथ कहाँ रखना है!”

“वाह! बहुत बढ़िया!” कर्नलसाहेब खूश झाले. हिरालालबाबूंनी लिहिलं: हाताचे ठसे, पांढरे, नग दहा.

“और यह?” कर्नलसाहेबांचं बोट आता गाडीपुढच्या चील्यावर होतं.

यशवंतरावांची जीभ इथं मात्र थांबली. भैय्यालालची सुटली. “चीला आय, साहेब। खाव, गरम हे!”

कर्नलसाहेबांनी अर्धा चीला खाल्ला. हिरालालबाबूंनी लिहिलं: चीला, नग अर्धा.

शेडमागं मुरमाची जुनी खदान होती. उभा चढ, पावसानं निसरडा झालेला. गाडीवर तोफेच्या वजनाच्या नळ्या आणि वाळूची पोती चढवली. नियम असा की वर जाताना दहा ठिकाणी थांबायचं, दहा वेळा टेकू पाडायचा. दोन जवानांनी पांढऱ्या ठशांवर नेमके हात ठेवले आणि गाडी निघाली.

पहिला थांबा. टेकू खाली आला. यशवंतरावांनी धर्मपालांचा दंड धरला. दुसरा. तिसरा. चौथ्या थांब्याला टेकू नेहमीपेक्षा जोरात सुटला. खर्रर्र! धर्मपालांनी डोळे मिटले. आता गाडी गुडघे टेकणार, पोती गडगडणार, आणि तो घट्टा तिथंच राहणार.

टण्ण!

टेकू थांबला. खिळ्यावर! खाचेच्या ज्या ठिकाणी तो थांबायला हवा होता, दोन वर्षं हिशेब करून जी जागा धर्मपालांना सापडली नव्हती, त्याच जागी भैय्यालालनं न मोजता, न पाहता, नजर लागू नये म्हणून खिळा ठोकला होता!

पाचवा, टण्ण. सहावा, टण्ण. दहाच्या दहा! चढावर उभी गाडी तशीच स्थिर, जशी पोळ्याच्या पाटावर मातीची बैलजोडी.

वरून त्यातला थोराड जवान खाली आला. कर्नलसाहेबांनी विचारलं, “बोलो, क्या राय है?”

जवानानं आपला उजवा हात डाव्या हातानं धरला आणि खांदा एकदा वरखाली करून पाहिला, जसा काही तो खांदा त्याला आज नव्यानंच सापडला होता.

“साहब, चढ़ाई के बाद पहली बार कंधा मेरा है।”

धर्मपाल तोंड फिरवून खदानीकडं पाहत राहिले. यशवंतरावांनी चिखलाच्या बाहीनंच डोळे पुसले आणि कपाळावर मुरमाचा टिळा ओढून घेतला.

“पास!” कर्नलसाहेब गरजले. “एक दिन, एक ट्रायल, एक काग़ज़! यशवंतराव, आपने कमाल कर दिया!”

भैय्यालालनं कामगारांना चीले वाटले. सुख इतकंच होतं, मोजून सात मिनिटं! कारण आठव्या मिनिटाला हिरालालबाबूंनी खिळ्याला फूटपट्टी लावली.

“नक़्शे में यह कील नहीं है।”

“अरे बाबूजी, किरकोळ गोष्ट आहे!” यशवंतराव हसून म्हणाले. “तिथं एक साधा बोल्ट टाकू. बाजारात टोपलीनं मिळतात!”

“बोल्ट?” हिरालालबाबूंनी फाईल उघडली. “नियम तीसरा। जो नमूना पास, वही। एक सूत का भी फ़र्क़ नहीं।” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “दस्तख़त आपके हैं।”

यशवंतरावांनी दस्तखत पाहिली. त्यांचीच होती. निब मोडल्याचा डागसुद्धा होता!

“मग हाच खिळा घ्या!”

“लेंगे ही। कील, लोहा, हाथ की बनी, ग्यारह अंश तिरछी। चार सौ गाड़ियों में चार सौ।” हिरालालबाबू भैय्यालालकडं वळले. “ठोक दोगे?”

“हव!” भैय्यालाल आनंदानं म्हणाला. “फेर हरेली के दिन।”

“दूसरे दिन?”

“दूसर दिन ठोकबे त वो खीला नो हय, साहेब। वो त खाली लोहा ए।”

हिरालालबाबूंनी तेही लिहिलं. मग पिशवीतून लाख काढली, मेणबत्ती पेटवली, आणि पास झालेल्या नमुन्यात कुणी फरक करू नये म्हणून गाडीच्या दोन्ही चाकांवर दोरी बांधून लाखेची मोहर केली.

दिल्लीहून पत्रं येऊ लागली. खिळ्याचं प्रयोजन काय? नजर म्हणजे शत्रूची की इतर? दहा ठसे कोणाच्या हाताचे, आणि तो माणूस चारशे गाड्यांसाठी उपलब्ध आहे काय? अर्ध्या चील्याचा उरलेला अर्धा कुठं आहे? यशवंतराव उत्तरं लिहीत बसले. एका पानाची फाईल दिवाळीपर्यंत उशीएवढी झाली.

“गाडी कब आ रही है, काका?” विकी फोनवर विचारायचा. दर वेळी यशवंतराव म्हणायचे, “बस, एक कागद बाकी हाय बेटा.”

त्यातला एक कागद तर त्यांनी स्वतःहून पाठवला. हरेलीच्या दिवशी चाचणी ठेवल्याचा ठपका आला, तेव्हा आपली चूक नाही हे दाखवायला त्यांनी नागपूरच्या पंचांगाचं पान जोडलं. झालं! दिल्लीनं ते पान पुरावा म्हणून दाखल करून घेतलं. पुढच्या वर्षी खिळे ठोकण्याची तारीख ठरली ती पंचांगाबरहुकूम. हरेली आली, भैय्यालाल सगळ्या चौकटी ठोकून गेला, आणि महिनाभरानं, पोळ्याच्या दिवशी, कर्नलसाहेब पहिल्या खेपेच्या चाळीस नव्या दांड्यांसह हजर!

“आज त पोरा ए, साहेब,” भैय्यालाल म्हणाला. “आज बइला के पूजा। खीला के दिन ह त निकल गे। अगले बछर आव।”

कर्नलसाहेबांनी यशवंतरावांकडं असं पाहिलं की यशवंतराव मातीच्या बैलाआड लपायला जागा शोधू लागले.

“मले विचारलं असतं तर?” कांताबाई घरी म्हणाल्या. आता यशवंतराव घोरत नव्हते. ते जागे होते आणि ऐकत होते.

अखेर त्यानंतरच्या कार्तिकात हुकूम आला: खिळ्याची मोजणी दिल्लीतच होईल, मोहरबंद नमुना रेल्वेनं पाठवावा. मालधक्का शेडपासून हाकेच्या अंतरावर. विकी तेव्हा सुटीवर आला होता. त्यानं पुरी झालेली गाडी पहिल्यांदाच पाहिली. पांढऱ्या ठशांवर एकेक करून हात ठेवला, टेकू पाडून पाहिला, टण्ण आवाज ऐकला आणि बापाकडं पाहून हसला.

“चलो, मैं ढकेल के ले जाता हूँ।”

“हात नको लावू!” यशवंतराव ओरडले. “चाकं फिरली तर मोहर तुटंल! झिजलीबी तर फरक पडंल! एका सुताचा—” आणि ते थांबले.

विकीनं चाकाकडं पाहिलं. लाखेकडं पाहिलं. बापाकडं पाहिलं. मग तो खाली वाकला, एका दमात गाडी उचलली आणि उजव्या खांद्यावर टाकली, नेमकी त्या घट्ट्यावर.

मालधक्क्यापर्यंतची ती वाट! पुढं विकी, खांद्यावर गाडी. तिची दोन्ही चाकं वर आभाळात, पाहुण्यांसारखी ऐटीत बसलेली. मागं धर्मपाल, त्यांच्या मागं भैय्यालाल, आणि सगळ्यांच्या मागं हातात उशीएवढी फाईल घेऊन यशवंतराव.

“जड हाय का रे?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

“नहीं काका,” विकी म्हणाला. “बहुत हल्की बनाई है बाबा ने। खांदे पे पता ही नहीं चलता।”

यशवंतरावांनी धक्क्यावर गाडी आणि फाईल सोपवून पोचपावती घेतली. एक दिवस नाही, एक चाचणी नाही, पण कागद मात्र त्या दिवशी खरोखरच एक होता. घरी येऊन त्यांनी तो ट्रंकेत ठेवला, नागपूरचं पंचांग कांताबाईंच्या हातात दिलं आणि विचारलं, “कांता, आज वार कोणता हाय व?”